त्रेचाळीस अक्षरांचा शहामृग

माझा थोरला भाऊ कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाला. तो मुलुंडला राहतो. माझी मुलगी प्रयोगशाळेत डीएनए वाचण्याचं काम करते. रविवारी घाटकोपरहून ती त्याच्याकडे गेली, की दोघांचा वाद ठरलेलाच. एकाचा विश्वास हाडावर आणि थरावर, दुसरीचा रेणूवर. या खेपेला विषय होता खानदेशातला शहामृग.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीच्या डोंगरांच्या पायथ्याशी. तिथे 1972-73 मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली. त्यातल्या एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये फुल्याफुल्यांची जाळी. वय सुमारे 25,000 वर्षं. म्हणजे एके काळी महाराष्ट्रात शहामृग होता, याबद्दल दोघांचं एकमत आहे. तो नेमका कोणता आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाचा, इथून पुढे मतभेद. ते बोलले तसे मांडते आहे.

मामा: पाटण्याच्या तुकड्यापुढे 'शहामृग' लिहायला डीएनए लागतोच कशाला? कवचाची जाडी बघ, छिद्रांची मांडणी बघ, आतले कॅल्साइटचे स्फटिक कसे रचलेत ते सूक्ष्मदर्शकाखाली बघ. झालं. एवढं जाड अंडं आपल्याकडे दुसरा कुठला पक्षी घालतो?

भाची: शहामृग आहे एवढं कळतं, मामा. कोणता शहामृग हे कळत नाही. शिवालिकच्या डोंगरात मिळालेल्या हाडांवरून मिल्न-एडवर्ड्सने 1871 साली 'स्ट्रुथिओ एशियाटिकस' अशी वेगळी आशियाई प्रजाती केली. ती हाडं लाखो वर्षांपूर्वीची. पाटण्याचं कवच 25,000 वर्षांचं. मधल्या काळात काय झालं, कोणालाच माहीत नाही. तरी भारतातल्या कवचांना कोणी एशियाटिकस म्हणतं, कोणी आफ्रिकेतला 'स्ट्रुथिओ कॅमेलस'. कवचावर तर प्रजाती लिहिलेली नसते.

मामा: बरं, मग तुमच्या यंत्राने काय वाचलं?

भाची: 2017 साली रुरकीची आयआयटी आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कवचं पाटण्याची नव्हती, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली होती, पण काळ साधारण तोच, 25,000 वर्षं किंवा त्याहून जुना. आधी त्यांनी लेझरच्या सूक्ष्मदर्शकाने कवचात डीएनए कुठे टिकून आहे ती ठिकाणं शोधली. मग पाच तुकड्यांतून डीएनए काढला. त्यातल्या एका तुकड्यातून मायटोकॉन्ड्रियाच्या 16एस जनुकाचा 43 अक्षरांचा भाग वाचता आला. तो आजच्या आफ्रिकी शहामृगाशी 92 टक्के जुळला.

मामा: त्रेचाळीस! अगं, माझा मुलुंडचा पत्ता लिहायलासुद्धा याहून जास्त अक्षरं लागतात.

भाची: हस, पण 40 ठिकाणी सापडलेल्या कवचांबद्दल जे नुसतं डोळ्यांनी सांगत होतो, त्याला पहिल्यांदा रेणूंचा पुरावा मिळाला. हे कमी आहे का?

मामा: 'शहामृग होता' याला पुरावा मिळाला, मान्य. 'कोणता होता' याला मिळाला का? 43 अक्षरांत 92 टक्के म्हणजे तीन-चार अक्षरं जुळली नाहीत. ती तीन-चार अक्षरं प्रजाती वेगळी म्हणून वेगळी आहेत, की डीएनए कुजला म्हणून?

भाची: हा मात्र नेमका प्रश्न विचारलास. डीएनए जुना झाला की त्यातली 'सी' अक्षरं बिघडतात आणि यंत्राला ती 'टी' दिसतात. आज आम्ही तुटक्या डीएनएचे लाखो तुकडे वाचतो आणि ही झीज तुकड्यांच्या टोकांना जास्त दिसते का, ते तपासतो. तशी दिसली तर डीएनए खरोखर जुना आहे, हाताळणाऱ्याच्या बोटांवरून आलेला नाही, असं धरता येतं. एका तुकड्यातून पीसीआरने वाढवलेल्या 43 अक्षरांवर अशी तपासणी जमत नाही. शिवाय 16एसचा तो भाग फार हळू बदलणारा आहे. दूरचे पक्षीसुद्धा तिथे बरेचसे सारखे निघतात. आजच्या मोजमापाने तो पुरावा तोकडाच आहे. दार उघडलं एवढंच म्हणेन.

मामा: दार उघडलं, आणि त्या दारातून त्यांनी आख्खा गोंडवन महाखंड आत घेतला! निष्कर्षात म्हटलंय, की शहामृगाचं इथलं असणं खंड सरकण्याच्या मांडणीशी जुळतं. भारताचं भूखंड आफ्रिकेपासून तुटलं ते कोट्यवधी वर्षांपूर्वी. 25,000 वर्षांपूर्वीच्या पक्ष्याला इथे यायला भूखंडाची होडी कशाला हवी? अरबस्तानातून चालत नाही का येणार? अरबस्तानात तर विसाव्या शतकापर्यंत शहामृग होते.

भाची: इथे तुझ्या बाजूने मीच एक साक्ष देते, आणि तीही प्राचीन डीएनएची. मादागास्करचा हत्तीपक्षी आठवतोय? तीन मीटर उंच, न उडणारा, आता नामशेष. आफ्रिकेच्या शेजारी राहायचा, म्हणून तो शहामृगाचा भाऊबंद असणार, असं सगळे धरून चालले होते. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी त्याच्या हाडांतला डीएनए वाचला. जवळचा नातेवाईक निघाला न्यूझीलंडचा किवी.

मामा: कोंबडीएवढा किवी?

भाची: तोच. आणि त्या दोघांचा पूर्वज एकच होता, तो काळ मादागास्कर आणि न्यूझीलंड एकमेकांपासून तुटल्यानंतर कितीतरी उशिराचा. मग एवढा समुद्र ओलांडला कसा? उडून. म्हणजे पूर्वज उडणारा होता आणि वेगवेगळ्या बेटांवर वेगवेगळ्या वेळी त्यांचं उडणं सुटलं. न्यूझीलंडचा मोआ तर दक्षिण अमेरिकेतल्या टिनामूच्या जवळचा निघाला, आणि टिनामू आजही उडतो. खंड सरकले आणि त्यांच्यावरचे न उडणारे पक्षी वेगळे झाले, ही पाठ्यपुस्तकातली साधी-सोपी गोष्ट तिथे संपली. त्यामुळे 43 अक्षरांच्या खांद्यावर गोंडवन लादणं मलाही पटत नाही.

मामा: मग आपण भांडतोय कशावर?

भाची: तू म्हणतोस डीएनए नसला तरी चालतं, त्यावर. हाडांनी आधी काय घोटाळे केलेत ते ऐक ना. मोआचीच गोष्ट. डायनॉर्निस वंशाच्या मोआची हाडं तीन आकारांत मिळायची, म्हणून तीन प्रजाती मानल्या होत्या. 2003 मध्ये डीएनएवरून लिंग तपासलं, तर मोठी हाडं सगळी माद्यांची आणि लहान नरांची. मादी नराच्या दीडपट उंच आणि वजनाने जवळजवळ तिप्पट. नवरा-बायकोला आपण वेगवेगळ्या प्रजातींत टाकून बसलो होतो.

मामा: छान. आता माझी पाळी. तुमच्या शास्त्राचा जन्म होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती, तेव्हा 1994 साली अमेरिकेत कोणीतरी डायनासोरचा डीएनए वाचल्याचं जाहीर केलं. आठ कोटी वर्षांच्या हाडातून. 'सायन्स'मध्ये छापूनही आलं. पुढे काय निघालं? माणसाचा डीएनए!

भाची: खरं आहे. त्या फजितीनंतरच तर आम्ही टोप्या, हातमोजे, वेगळ्या खोल्या, दोन प्रयोगशाळांत स्वतंत्र तपासणी असे नियम केले. आज सर्वांत जुना वाचलेला डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातला आहे, वीस लाख वर्षांचा. सायबेरियातल्या मॅमथच्या दाताचा दहा लाखांच्या वरचा. सगळं बर्फातलं.

मामा: म्हणजे आपल्या मुंबईचे नामशेष प्राणी तुमच्या हाती कधीच लागायचे नाहीत. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेनने 1847 साली त्यांना आजच्या 'राना' या बेडकांच्या वंशात बसवलं. 1930 मध्ये नोबल नावाच्या अभ्यासकाने सांगाडा पुन्हा पाहिला आणि म्हणाला, हा राना नव्हे. त्याने वेगळा वंश केला, 'इंडोबॅट्राकस'. वर्गीकरण बदललं की नाही? आणि कशावर बदललं? हाडांवर. तो बेडूक आणि अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा बेसॉल्ट, दोन्ही त्याच ज्वालामुखींच्या काळातले, सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. विद्यार्थ्यांना मी त्या टेकडीखाली उभं करून सांगायचो, की इथे कितीही हुशार यंत्र आणा, खडकच वाचता यायला हवा.

भाची: मान्य. साडेसहा कोटींपुढे माझं काही चालत नाही. पण लाख-दोन लाख वर्षांच्या आतल्या प्राण्यांचं काय? तुझ्या आवडत्या गोदावरीच्या हत्तीचं?

मामा: त्याला मध्ये आणू नकोस.

भाची: आणणारच. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर भागातल्या गोदावरीच्या गाळातला तो प्रचंड हत्ती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिल्ग्रिमने 1905 साली त्यावर लेख लिहिला. शीर्षकातच 'एलिफस अँटिक्वस' आणि पुढे कंसात 'नमादिकस'. म्हणजे युरोपातल्या सरळ सुळ्यांच्या हत्तीचा हा भाऊ की तोच, हे तेव्हाही ठरत नव्हतं. 'एलिफस' म्हणजे आपल्या आशियाई हत्तीचं घराणं. पुढे कित्येक दशकं हे हत्ती त्याच घरात राहिले. 2017 मध्ये जर्मनीतल्या नॉयमार्क-नॉर्डच्या खाणीतल्या, सव्वा लाख वर्षं जुन्या, सरळ सुळ्यांच्या हत्तींचा डीएनए वाचला. आणि तो निघाला आफ्रिकेच्या जंगली हत्तीच्या जवळचा. आपल्या हत्तीच्या नव्हे.

मामा: आणि याचं श्रेय तुम्ही डीएनएला देता. थांब, दात काढून दाखवतो. म्हणजे चित्र. ही हत्तीच्या दाढेची चावायची बाजू. दाढ पुढून मागे अशा चपट्या पट्ट्यांची बनलेली असते. झिजली की प्रत्येक पट्टीच्या कडेचं इनॅमल वर उठून दिसतं. आपल्या हत्तीत या कडा जवळजवळ समांतर धावतात. आफ्रिकी हत्तीत पट्टी मध्यभागी फुगते, शंकरपाळ्यासारखी. आता हा नमादिकस. याच्या पट्टीला मध्ये हलकासा कोन येतो, दिसला? 1924 साली मात्सुमोतोने हे पाहून या सगळ्यांचा एक उपवंश केला, 'पॅलिओलॉक्सोडॉन', आणि तो आफ्रिकी हत्तीच्या 'लॉक्सोडोंटा'तच ठेवला. नंतरच्या लोकांनी कवटीचा आकार पाहून ते एलिफसकडे नेले. तुमचा डीएनए 93 वर्षांनी मात्सुमोतोच्या दारात परत आला.

भाची: म्हणजे हाडांवाल्यांमध्ये दोन पक्ष होते. दाढेचा आणि कवटीचा. त्यांच्यात निवाडा करायला बाहेरचा साक्षीदार लागला ना?

मामा: लागला. पण त्या साक्षीदारानेही वर्षभरात जबानी बदलली.

भाची: बदलली नाही, पूर्ण केली. 2017 मध्ये मुख्य आधार मायटोकॉन्ड्रियाचा होता, तो फक्त आईकडून येतो. 2018 मध्ये पूर्ण जीनोम पाहिला, तेव्हा कळलं, की सरळ सुळ्यांच्या हत्तीत तीन धागे आहेत. आफ्रिकी हत्तींच्या जुन्या पूर्वजांच्या शाखेचा मोठा, जंगली आफ्रिकी हत्तींचा दुसरा आणि केसाळ मॅमथच्या घराण्याचा छोटा तिसरा. आपण झाड काढत होतो, निघालं जाळं. मग याला कोणत्या वंशात बसवायचं? डीएनए सांगतो कोण कोणाशी किती जवळ. रेघ कुठे मारायची हे तो सांगत नाही. रेघ माणूस मारतो.

मामा: हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायला हवं होतं.

भाची: आणि रेघ मारली की तिचे परिणाम खरे असतात. क्वागा घे. दक्षिण आफ्रिकेचा, अर्ध्या अंगावर पट्टे असलेला. शेवटचा 1883 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला, आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली त्याच वर्षी. 1984 मध्ये बर्कलीच्या अ‍ॅलन विल्सनच्या प्रयोगशाळेने जर्मनीत जपलेल्या त्याच्या कातड्यातून 229 अक्षरं वाचली. नामशेष प्राण्याचा वाचलेला तो पहिला डीएनए. पुढच्या अभ्यासांतून कळलं, की क्वागा ही स्वतंत्र प्रजाती नव्हती, मैदानी झेब्र्याचीच एक उपप्रजाती होती. आता गंमत बघ. नियम असा, की ज्याचं नाव आधी ठेवलं ते खरं. क्वागाचं नाव 1785चं, मैदानी झेब्र्याचं 1824चं. त्यामुळे आज आफ्रिकेतला प्रत्येक मैदानी झेब्रा 'इक्वस क्वागा' आहे.

मामा: नामशेष झाला आणि जिवंतांना नाव देऊन गेला. ठीक. पण परिणाम म्हणशील तर आपल्याकडचा चित्ता घे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकी चित्ते आणायला नकार दिला. आफ्रिकी चित्ता इथला नव्हे, हा त्यातला एक मुद्दा होता. 2020 मध्ये प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आणि 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातले आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरले. मधल्या काळात डीएनएने काय सांगितलं?

भाची: 2020 मध्येच भारतीय चित्त्याच्या संग्रहालयातल्या अवशेषांचा मायटोकॉन्ड्रिया वाचला गेला. भारतीय आणि आग्नेय आफ्रिकेतले चित्ते सुमारे 72,000 वर्षांपूर्वी वेगळे झाले, असं त्यातून निघालं. आधीच्या अंदाजापेक्षा जास्त जुनं अंतर. म्हणजे फरक आहे. तो फरक परवानगी नाकारण्याइतका मोठा की नाही, हे पुन्हा डीएनए सांगत नाही. ते धोरण.

मामा: आणि ते अवशेष भारतीय चित्त्याचेच होते कशावरून? कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत. संग्रहालयातल्या एखाद्या जुन्या कातड्यावर 'भारत' लिहिलं असेल आणि तो जहाजाने आलेला असेल.

भाची: म्हणूनच तर डीएनए हवा! आयात केलेला आफ्रिकी चित्ता झाडावर आफ्रिकेच्याच फांदीवर बसेल. चिठ्ठी खोटी बोलली तर रेणू पकडेल.

मामा: आणि चिठ्ठीच नसली तर? कोणत्या रानातला, कोणत्या साली मारलेला, हे नसेल तर तुझी फांदी हवेत. डीएनए चिठ्ठी पडताळू शकतो, लिहू शकत नाही. पाटण्याच्या कवचाचं मोल नक्षीत आहे तेवढंच साळींच्या थरांच्या नोंदीतही आहे. राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कवचांवर 'कोरीव काम' म्हणून जे छापलं गेलं, त्यातलं पुष्कळसं झाडांच्या बारीक मुळांनी केलेलं आहे, असं रॉबर्ट बेडनारिकने दाखवलं. पाटण्याचं मात्र त्याने खरं मानलं. ते निव्वळ बघूनच ठरलं, रेघेची कड तासलेली की खाल्लेली एवढ्यावर.

भाची: बरं बाबा, नोंद आधी. मग खानदेशच्या शहामृगाचं पुढे काय? उष्णता हीच अडचण आहे. न्यूझीलंडमध्ये मोआच्या हाडांवर मोजलं, तेव्हा सरासरी 13 अंश तापमानाला डीएनएचा ठरावीक लांबीचा भाग 521 वर्षांत निम्मा होतो असं निघालं. चाळीसगावचा मे महिना आठव. पंचवीस हजार मे महिने झाले त्या कवचावर.

मामा: मग विषय संपला?

भाची: नाही. अंड्याचं कवच हाडापेक्षा चांगली तिजोरी आहे. त्याच्या स्फटिकांत प्रथिनं बंद होऊन बसतात, पाणी आणि जिवाणू तिथे सहज पोचत नाहीत. टांझानियात लाएटोलीला, म्हणजे आपल्याइतक्याच उन्हाच्या देशात, 38 लाख वर्षांच्या शहामृगाच्या कवचातून प्रथिनांचे तुकडे वाचलेत. 2016 मध्ये. डीएनए नाही, पण ज्या डीएनएवरून ती प्रथिनं बनली त्याची खूण आहे.

मामा: त्यावरून एशियाटिकस की कॅमेलस कळेल?

भाची: कदाचित नाही. ते प्रथिन सावकाश बदलतं. पक्षी शहामृगाच्या घराण्यातला, एवढं खात्रीने सांगता येईल. एवढ्या जवळच्या दोन प्रजाती वेगळ्या करणं अवघड. त्याला डीएनएच हवा, आणि एका कवचातून नव्हे, अनेक कवचांतून. शिवाय शिवालिकच्या एशियाटिकसचा डीएनए मिळण्याइतकी ती हाडं तरुण नाहीत. म्हणजे तुलनेची एक बाजू कायमची रिकामी. पाटण्याचा पक्षी आफ्रिकी घराण्यातला आहे, असं उद्या ठामपणे म्हणता येईल. तो एशियाटिकस नव्हता, असं मात्र रेणूंवरून म्हणता येणार नाही. तिथे तुझ्याच लोकांना हाडं शोधावी लागतील. आजवर कवचंच सापडतात, पायाचं एखादं चांगलं हाड हवं.

मामा: शेवटी हाडाकडे आलीसच!

भाची: आले. पण तूही माझ्याकडे ये. पुढच्या वेळी कोणी खानदेशात खणलं तर कवचाचे सगळे तुकडे धुवायचे नाहीत. काही तुकडे हातमोजे घालून उचलायचे, लाखेचा किंवा गोंदाचा थर द्यायचा नाही, सावलीत ठेवून लगेच थंडीत पोचवायचे. गोदामाच्या पत्र्याखाली दहा वर्षं पडलेल्या कवचाने सांगावं तरी काय? जमिनीखाली पंचवीस हजार वर्षं जे टिकलं ते तिथे दहा वर्षांत जातं.

मामा: हे करता येईल. थराचा क्रमांक, खोली, दिशा, तारीख आमच्याकडून. पिशवी आणि बर्फ तुमच्याकडून. आणि संग्रहालयातल्या चिठ्ठीवर नाव काय लिहायचं?

भाची: 'स्ट्रुथिओ'. पुढची जागा रिकामी.

मामा: लोकांना रिकामी जागा आवडत नाही. कोणी तरी 'एशियाटिकस' लिहून टाकेल, भारतात सापडलं म्हणून.

भाची: म्हणून त्याखाली कारण लिहायचं. वंश कवचाच्या रचनेवरून ठरला. प्रजाती ठरवण्याइतका पुरावा आजवर नाही. न धुतलेले इतके तुकडे अमुक ठिकाणी राखून ठेवले आहेत. वाचणाऱ्याला नाव कळायला हवं, तसंच ते कशावर उभं आहे आणि कशाने बदलेल हेही कळायला हवं.

मामा: एवढं लिहायचं तर चिठ्ठी मोठी लागेल.

भाची: लागू दे. क्वागाची गोष्ट 229 अक्षरांनी नुसती सुरू झाली. पाटण्याच्या शहामृगाचं ठरवायला 43 पुरणार नाहीत.